स्क्रू पडला, कुणी हलू नका!

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा सप्तांग नमस्कार. (आठवं अंग म्हणजे डावा गुडघा. तो वाकायला तयार नाही. त्याला वगळून बाकीची सात तुझ्या पायाशी पोचली असं समज.) तू बरी आहेस ना? भावोजींचा खोकला काय म्हणतो? आणि शेजारपाजारच्यांचे सैल झालेले चष्मे तू अजून स्वयंपाकघरात बसून घट्ट करून देतेस, की भावोजींनी तो दवाखाना बंद पाडला? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

झालंय असं की एक्कावन्नाव्या वर्षी माझी परीक्षा आहे. हसू नकोस. नवा नियम आलाय, चष्मा जोडणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा, आणि परवाना हवा तर लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक असं सगळं पास व्हायला हवं. ज्यांनी पंधरा वर्षं हे काम केलंय त्यांना शिकायला न जाता थेट बसता येतं, पण एकदाच. नापास झालं की टेबल सोडायचं आणि काउंटरवर उभं राहून फ्रेमांवर फडकं मारायचं. धाकटे मालक म्हणाले, तुम्ही काय, डोळे मिटून पास व्हाल. चष्म्याच्या दुकानात डोळे मिटून काहीही होत नाही हे त्या माणसाला अजून कळलेलं नाही. (वडिलांचं दुकान मिळालं, वडिलांचं डोकं मिळालं नाही. पण माणूस गुणी आहे.) मला ते टेबल सोडायचं नाहीये गं. अठ्ठावीस वर्षं तिथे बसतेय. माझं कोपर जिथे टेकतं तिथला रंगसुद्धा उडालाय.

अभ्यासाचं म्हणशील तर पुस्तक दोनशे पानांचं आहे आणि त्यात आपल्या ओळखीचं एकही भिंग नाही. आपण जन्मभर जिला फुगीर काच म्हटलं ती तिथे बहिर्वक्र झालीय आणि खोलगट ती अंतर्वक्र. गल्लीतली माणसं एकदम सूटबूट घालून समोर आल्यासारखं वाटतं, ओळख द्यावी की नाही कळत नाही. आमच्या ह्यांनी प्रश्न विचारायचं काम हौसेने अंगावर घेतलं. दुपारी पुस्तक घेऊन खुर्चीत बसतात. पहिला प्रश्न खणखणीत, दुसरा जरा मऊ, तिसऱ्याला घोरायला लागतात. आणि ह्यांचं घोरणं इतकं होकारार्थी आहे की आठवडाभर मला वाटत होतं, माझी सगळी उत्तरं बरोबर येताहेत.

लेकीने फोनवरून वेगळाच उपाय सांगितला. भीती वाटली की चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, चार मोजत धरायचा, आठ मोजत सोडायचा. सोमवारी दुकानात एका बाईंच्या चष्म्याचा नंबर यंत्रावर बघत होते. नेमकी तेव्हाच पुस्तकातली एक व्याख्या आठवेना आणि छातीत धडधडायला लागलं. म्हणून मी श्वास घेतला, धरला आणि सावकाश सोडला. मान वर करते तो बाई पांढऱ्याफटक! त्यांना वाटलं, नंबर बघून मी सुस्कारा टाकला. त्या रडायलाच लागल्या. त्यांना पाणी दिलं, पाव नंबर वाढलाय हो, फक्त पाव, असं दहा वेळा सांगितलं, आणि त्या गडबडीत माझी धडधड कुठल्या कुठे गेली. म्हणजे उपाय चांगला आहे, पण दर वेळी कुणाला तरी रडवावं लागतं.

अशा वेळी तुझी फार आठवण येते. परीक्षेच्या दिवशी सकाळी तू मला दारातच अडवायचीस आणि एक उत्तर मुद्दाम चुकवायला लावायचीस, आठवतं? बे दुणे किती? मी म्हणायची पाच. तू म्हणायचीस, झालं, आजची चूक घरीच संपली, आता जा. आणि खरंच वाटायचं गं की चूक संपली! पुढे पुढे गल्लीतली निम्मी पोरं शाळेत जाताना आपल्या दाराशी येऊन चुका करून जायची. (त्यातला एक पुढे सरकारी खात्यात मोठा साहेब झाला. तो अजून करत असेल, पण बहुतेक ऑफिसात.) परवा मी ह्यांना म्हटलं, मला एक सोपा प्रश्न विचारा, मला चुकायचंय. ह्यांनी लग्नाची तारीख विचारली. मी न ठरवताच चुकले. पुढचा अर्धा तास ते त्यावरच बोलत होते.

आणि दुकानातले ते दिवस! खिडकीपाशी तुझं टेबल, समोर माझं, मध्ये फ्रेमच्या काड्या मऊ करायचं गरम वाळूचं भांडं. मला तू काड्या वळवायला शिकवलंस तेव्हा पहिल्या महिन्यात मी अकरा मोडल्या आणि तू मोठ्या मालकांना सांगितलंस की काड्याच कच्च्या आहेत. आणि मोठ्या मालकांचा तो कायदा! स्क्रू पडला की पाडणाऱ्याने ओरडायचं, "स्क्रू पडला, कुणी हलू नका!" आणि तो सापडेपर्यंत दुकानात कुणी पाय उचलायचा नाही, गिऱ्हाइकानेसुद्धा. ज्याने आधीच उचललाय त्याने ठेवायचा नाही. ते जाडे पोस्टमन एकदा उंबऱ्यावर एका पायावर चार मिनिटं उभे होते, तेव्हापासून आपली पत्रं शेजारच्या दुकानात टाकायला लागले. मग तू बोट ओलं करून फरशीवरून फिरवायचीस आणि कणीएवढा स्क्रू बोटाला चिकटून वर यायचा. भावोजींची बदली झाली नि तू गेलीस त्याला बारा वर्षं होतील. तुझ्या टेबलावर आता पार्सलांची खोकी असतात. अजूनही मी काहीतरी सांगायला मान वर करते आणि समोर खोकी. त्या वेळी फार एकटं वाटतं.

तर गेल्या रविवारी सराव परीक्षा होती. मोठं दालन, चाळीस जण लिहिताहेत, आणि एकेकाला पुढच्या टेबलाशी बोलावून तोंडी घेताहेत. माझे परीक्षक एक वयस्क गृहस्थ होते, अगदी सज्जन, पण चष्मा डावीकडे इतका उतरलेला की विचारू नकोस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मला ऐकूच आला नाही. दुसरा विचारला. माझं सगळं लक्ष त्या डाव्या काडीवर. शेवटी राहवेना. साहेब, एक मिनिट, असं म्हणून मी सरळ त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, पर्समधला पेचकस काढला आणि काडी हातात घेतली. काडी सैल करताना स्क्रू निसटला. आणि ताई, अठ्ठावीस वर्षांची सवय! मी त्या भरल्या दालनात जीव खाऊन ओरडले, "कुणी हलू नका!"

चाळीसच्या चाळीस पेनं थांबली. पर्यवेक्षक दाराशी जाऊन उभे राहिले. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी न विचारताच बाहीतून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, मोज्यातून दुसरी काढली आणि दोन्ही हात वर केले. मी ओणवी होऊन ओलं बोट फिरवतेय, परीक्षकांना चष्म्याशिवाय काही दिसत नाही, ते विचारताहेत की आग लागलीय का. स्क्रू अखेर त्यांच्याच पँटच्या दुमडीत मिळाला. (तो मी कसा काढला ते भेटीत सांगेन, पत्रात नको.) चष्मा बसवून दिला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, दोन वर्षांनी भिंत सरळ दिसतेय. मग पुन्हा तोच पहिला प्रश्न विचारला, आणि माझ्या तोंडून अक्षर फुटेल तर शपथ! प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी, तोंडीत शून्य.

पण आता मी अगदी शांत आहे. भीती पार गेली. हे पत्र केवळ खुशाली कळवायला लिहिलंय, काळजी करू नये. भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
मुळीच न घाबरलेली
धाकटी

ता. क. परीक्षा पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आहे. सहज कळवलं.

ता. क. २. भीती पार गेली हे वाक्य खोडणार होते, पण पत्र स्वच्छ दिसत होतं म्हणून ठेवलं. काल मी साखरेच्या डब्यात चष्मा ठेवून फ्रीजमध्ये शोधत होते.

ता. क. ३. आता रागावू नकोस. तुझी चोवीस वर्षं भरतात म्हणून मी तुझाही अर्ज भरलाय. फोटो माझ्या लेकीच्या लग्नातला कापून लावला, त्यात माझा खांदा आलाय, पण अर्ज मंजूर झाला. सही मी केली. (तुझी सही मला शाळेपासून येते. माझ्या प्रगतिपुस्तकांवर बाबांऐवजी तू करायचीस, ती बघून शिकले.) तुझा बैठक क्रमांक माझ्या पुढचाच आहे. पुस्तक वेगळ्या टपालाने येतंय. धाकटे मालक म्हणालेत, तुम्ही कधीही या, परवाना तेवढा असू द्या.

ता. क. ४. एक गोष्ट चाळीस वर्षं बोलले नाही. शाळेच्या शेवटच्या परीक्षेला तू कंपासपेटी विसरलीस म्हणून मी ती घेऊन तुझ्यामागे पळत आले होते. तू फाटकाशी थांबलीस, वळलीस आणि वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलीस. तीन तास. मला हाक मारवेना आणि तुला एकटीला सोडवेना, म्हणून मीही पाण्याच्या टाकीमागे तीन तास बसले. घरी येऊन तू म्हणालीस पेपर सोपा गेला. निकाल लागला तेव्हा बाबा बोलले नाहीत, तू बोलली नाहीस, मीही नाही. सगळ्यांच्या चुका घरी संपवून पाठवणारी तू, तुझी संपवून घ्यायला कुणी नव्हतं, आणि मी अकरा वर्षांची होते, मला सुचलंच नाही. ताई, आता सुचतंय. तू ये. फाटकाशी तुझं पाऊल अडलं तर मी आहे आणि माझं अडलं तर तू. दोघींचं एकदमच अडलं तर मागून ढकलायला धाकट्या मालकांना बोलावून ठेवलंय. ते विचारत होते, आधी कुणाला ढकलू. मी म्हटलं, मोठीला, मग धाकटी आपोआप जाते.