वेगळं ताट

योकोहामा,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. अरुणामावशीस,
अनघाचा दुरून सा. न.

चांदीच्या ताटाभोवतीची रांगोळी पुरी होते आहे तोच लायनेलसान आत आले, ताटाकडे पाहिलं आणि उभेच राहिले. बसेनात.

आमच्या खालच्या मजल्यावर राहतात ते. अमेरिकन, वय त्र्याऐंशी. त्यांच्या शहरातल्या अग्निशमन ठाण्यात नोकरीला लागलेले पहिले काळे गृहस्थ. बायको सेत्सुकोसान इथली, म्हणून निवृत्तीनंतर इथे आले. आमच्या वस्तीत आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक आहे. इथे त्याला शोबोदान म्हणतात. मीही त्यात आहे, एकटीच परदेशी. आम्हाला शिडी लावायला, पाण्याचा होज धरायला यांनीच शिकवलं. ९ नोव्हेंबरला पथक त्यांचा सत्कार करणार आहे. म्हटलं, त्याआधी आपल्या पद्धतीनं केळवण करावं. केदार म्हणाला, केळवण लग्नाआधी असतं, म्हाताऱ्याचं काय लग्न लावते आहेस का. मी ऐकलं नाही.

पुऱ्या, मसालेभात, श्रीखंड. त्यांना चांदीचं ताट आणि पेला. आम्ही तिघं रोजच्या स्टीलच्या ताटांत. भूक नाही म्हणाले, माफी मागितली आणि निघून गेले. जुई जपानीत म्हणाली, आजोबा रागावले. मी म्हटलं, दमले. तिनं मान हलवली.

आज सकाळी सेत्सुकोसान सांगून गेल्या की ते सत्कारालाही येणार नाहीत. पथकाचे प्रमुख ओकादासान विचारत होते, तू त्यांना खायला काय घातलंस. मसालेभात तिखट झाला होता का, हेच मनात येतं आहे. ते आले नाहीत तर माझ्यामुळे आले नाहीत, असंच सगळे धरतील. आणि मीही.

तुझी माया असू दे, उपदेश थोडा.
अनघा

मिरज,
२३ ऑक्टोबर

चि. अनघास अ. उ. आ. जुईला पापा. केदारला नुसता आशीर्वाद.

पत्र पोचलं. घाईनं फोन करू नकोस. यंत्र कानात घातलं की मला फक्त पंखा ऐकू येतो.

जो माणूस जेवलाच नाही त्याला मसालेभात तिखट कसा लागेल? तुझी हुशारी जपानला जाऊन वाढलेली दिसत नाही. मला दुसरंच कुतूहल आहे. ते उभे राहिले तेव्हा बघत कुठे होते? त्यांच्या ताटाकडे, की तुमच्या?

आमच्या शाळेत शिक्षकांचे कप कपाटात असत. एक कप खिडकीत असे. तो कोणाचा, हे कोणी बोलत नसे आणि नव्या माणसालाही विचारावं लागत नसे. तुझं पत्र वाचताना तो कप का आठवला, मला सांगता येत नाही.

तू खाली जा आणि विचार. फार तर दार लावतील. काय म्हणाले ते मला कळव, नाहीतर मला झोप नाही.

लोभ मी करतेच आहे, तू पत्र लवकर टाक.
तुझी मावशी

योकोहामा,
८ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न.

गेले. त्यांनी दार लावलं नाही. कॉफी केली.

त्यांच्या अग्निशमन ठाण्यात पाळीपाळीनं स्वयंपाक असे आणि सगळे एका लांब टेबलावर जेवत. पहिल्या दिवशी यांच्यापुढे नवी कोरी बशी आणि नवा कप आला. खास तुझ्यासाठी, असं सांगितलं. यांनी आभार मानले. त्यांना तो मानच वाटला. जेवण झाल्यावर बाकीच्या बश्या एकत्र धुतल्या गेल्या, यांची बाजूला ठेवली गेली. तेव्हा कळलं.

पुढे एकदा त्यांनी सगळ्यांच्या फळीवरची बशी उचलली. सगळे टेबलावरून उठले. हे रोज तसेच बसून जेवत राहिले. मी विचारलं, मग? म्हणाले, माणसं किती दिवस उभ्यानं जेवणार?

मी सांगितलं की आमच्याकडे असं ताट मोठ्या माणसाला मांडतात. फक्त मोठ्या माणसालाच का, असं त्यांनी विचारलं. रागानं नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मावशी, मी त्यांना तुझ्या शाळेतला खिडकीतला कप सांगितला. त्यांनी दोघांचे कप पुन्हा भरले. मग म्हणाले, तुला माहीत नव्हतं हे मला पटतं, पण माझे पाय थांबले त्याला मी काय करू.

सत्कारात त्यांच्यासाठी मंचावर एकच खुर्ची आहे. ते म्हणाले, तिथे बसणार नाही. मी ओकादासानना सगळं सांगितलं. त्यांनी दातांतून श्वास ओढला आणि म्हणाले, कार्यक्रम ठरलेला आहे. इथे याचा अर्थ नाही असा होतो. उद्या ते येतील की नाही, मला माहीत नाही.

माया आहेच, ती आज जरा जास्त लागेल.
अनघा

ता. क. ९ तारीख. लायनेलसान सकाळी आले आणि पथकाच्या रांगेत माझ्या शेजारी उभे राहिले. ओकादासान मंचावरून उतरले आणि सन्मानपत्र त्यांना रांगेतच दिलं. नंतर सर्वांना मोठ्या पातेल्यातलं डुकराच्या मांसाचं सूप होतं. माझ्यासाठी बिनमांसाचं वेगळं, छोट्या पातेल्यात, एका बाजूला. लायनेलसाननी आपला वाडगा घेतला, मोठ्या पातेल्यापुढून गेले आणि माझ्या पातेल्यातलं सूप घेतलं. मग ओकादासाननीही घेतलं. मला अर्धा वाडगा सूप उरलं.