नेहेते राजघराण्यात घरजावई चालणार नाही

१९ एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)
गल्लीतल्या सगळ्या लेकी आज माहेरी आल्या. आमची कामिनी कुठून येणार? ती इथेच. मीही इथेच. तीन वर्षांपूर्वी जळगावची नोकरी गेली तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून सावद्याला तिच्या माहेरी आलो. ते दोन महिने अजून चालू आहेत. मी घरजावई नाही. घरजावई कायमचा राहतो.
समोरच्या प्रमिलाबाईंच्या जावयाने विचारलं, तुम्ही कधी आलात? म्हटलं, आत्ताच.
संकल्प : या महिन्यात सासऱ्यांशी, म्हणजे अप्पांशी, स्पष्ट बोलायचं. जळगावला खोली घ्यायची, दारावर ‘नेहेते’ अशी पाटी लावायची. इथल्या दारावर ‘जीवराम फेगडे’ आहे. कुरिअरवाला मलाही फेगडेच म्हणतो.

२२ एप्रिल, दुपार
बोलायला गेलो. केळीच्या बागेत कापणी चालू, ट्रकमध्ये घड भरणं चाललेलं. अशा वेळी विषय काढणं बरं दिसत नाही.
वर येऊन गेम लावला. मध्ययुगातला आहे. आपलं घराणं चालवायचं. लग्नं लावायची, वारस तयार करायचे. आपल्या नावाचा वारस उरला नाही की खेळ खलास. माझा राजा प्रेमराज नेहेते, पहिला. राज्य स्कॉटलंडच्या बाजूला. तिकडे बर्फ, इकडे पत्रे तापलेत.
प्रेमराजला तीन मुली. मुलगा नाही. फार टेन्शन आहे.

२९ एप्रिल
थोरली राजकन्या कुंदाबाई लग्नाची झाली. गेमने विचारलं, नवरा आपल्या घराण्यात आणायचा का? मुलं आपल्या नावाची होतील. म्हणजे सरळ घरजावई! हॅट्! नेहेत्यांमध्ये असले प्रकार नाहीत. कुंदाबाई फ्रान्सला दिली, थाटात.
कामिनी मागे उभी होती. म्हणाली, अहो, एकीचा तरी नवरा घरी आणा, नाहीतर घराणं बुडेल. तिला राजकारण कळत नाही. मग म्हणाली, जळगावला एका ठिबकच्या कंपनीत ऑफिसची जागा निघालीय, अर्ज करू का? म्हटलं, कर. प्रेमराजला मुलगा झाला की मी अप्पांशी बोलतोच.

९ मे
राणी वारली. प्रेमराजचं दुसरं लग्न लावलं. वय झालंय त्याचं, पण तब्येत ठणठणीत. मधली राजकन्या नॉर्वेला दिली.
आज सासऱ्यांशी बोलणारच होतो. जिन्यात गाठही पडली. तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, जावईबापू, मोटर बंद करा. मोटर बंद करणं भाग होतं.

१७ मे
अधिक महिना लागला. जावयाचा महिना. सासूबाई पेचात पडल्यात. जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावणं पाठवावं लागतं, आणि जावई तर वरच्या खोलीत. बोलावणार कुठून? कामिनी पोट धरून हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

२४ मे
सासूबाईंनी तोडगा काढला. मी सकाळी बॅग घेऊन स्टँडवर जायचं आणि तिथून पाहुण्यासारखं यायचं. गेलो.
स्टँडवर जळगावची बस उभी. कंडक्टर म्हणाला, चला बसा. बॅगेत दोन शर्ट आणि लॅपटॉप होता. बसावं, वाटलं. खरंच वाटलं. तिथे पोचून कामिनीला बोलवून घ्यावं आणि अप्पांना फोनवरच सांगून टाकावं. पायरीवर पायसुद्धा ठेवला. मग आठवलं, चार्जर घरीच राहिलाय.
परत आलो. दारात पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. धोंडे आणि भरपूर तूप. सासऱ्यांनी विचारलं, प्रवास कसा झाला? सगळे हसले. म्हटलं, बरा झाला.

२८ मे
प्रेमराज गेला. साधा ताप आला होता. मुलगा नाहीच. गादीवर कुंदाबाई बसली, पण तिची मुलं फ्रान्सवाल्यांच्या नावाची. धाकटी ताईबाई अजून घरात होती. गेमने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. ताईबाई हंगेरीला दिली.
कामिनीला नोकरी लागली. म्हणाली, येताय ना? म्हटलं, कुंदाबाईचं एवढं मार्गी लागू दे. तर म्हणाली, मी अप्पांशी बोलले. ते म्हणाले, जाय ना माय, मी कधी अडवलं?
झालं! माझी तीन वर्षांची तयारी वाया. निदान मला विचारायचं तरी.

१ जून
कामिनी गेली. सासूबाई रडल्या, सासऱ्यांचेही डोळे भरले. मी बसपर्यंत बॅगा पोचवल्या. प्रमिलाबाईंनी विचारलं, पोरगी गेली का सासरी? सासरे म्हणाले, गेली. जावई ठेवून घेतला.
मी हसलो. न हसून करतो काय?

६ जून
कुंदाबाई वारली. स्क्रीन काळी झाली. नेहेते घराणं समाप्त.
खोटं कशाला लिहू, रडलो. सासरे डोकावले. काय झालं विचारलं. सांगितलं, घराणं बुडालं. खुर्ची ओढून बसले, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मंग एखादा घरजावई आणाचा ना. त्याच्यात काय एवढं? आम्ही नाही का आणला?
तीन वर्षांत हा शब्द या घरात पहिल्यांदा कोणी उच्चारला.

१४ जून, रविवार
कामिनी आज माहेरी यायची म्हणून सासूबाईंनी आमरस केला. मला स्टँडवर आणायला पाठवलं. तिने मोबाइलवर खोलीच्या दाराचा फोटो दाखवला. पाटी लावलीय. ‘कामिनी नेहेते’. अक्षर छान आहे.
विचारलं तिने, संध्याकाळच्या बसने येताय का? म्हटलं, अप्पांना विचारून सांगतो.
दुपारी विचारायला गेलो, तर तेच म्हणाले, जावईबापू, तो गेम लावा. नवीन घराणं काढलं. राजा जीवराम फेगडे. एकुलती एक राजकन्या. लग्नाची वेळ आली. गेमने विचारायच्या आत म्हणाले, जावई घरी आणा. आणला. नाव काय टाकू म्हटलं, तर म्हणाले, तुमचंच टाका.
खाली कामिनी संध्याकाळच्या बससाठी चपला घालत होती.
‘तेजस’ टाइप केलं. पुढे ‘फेगडे’ गेमने आपोआप लावलं.