माळेवर माळ

१६ जानेवारी

हे, मल्लेशम, अय्यप्पाची दीक्षा पुरी करून शबरीमलेहून परतले. देवळात, दीक्षा देणाऱ्या गुरुस्वामींनी व्रताची माळ उतरवली. काळी लुंगी धुऊन ट्रंकेत टाकली. संक्रांतीचे सकिनालू, तांदळाच्या पिठाची तळलेली कडी, राखून ठेवले होते, ते पुढे केले. आतल्या खोलीत गादी घातली. खाल्लं, आणि चटई उचलून पुढच्या खोलीत!

"माळेत जमिनीवर झोपायची सवय झाली," म्हणाले.

दीक्षेआधीही वर्षभर हेच. कधी कंबर, कधी दुकान, कधी उकाडा.

२३ जानेवारी

आता शिवदीक्षा! मला न विचारता चंदनी कपडे शिवायला टाकून आले. माळ घातली की सगळ्या बायका 'अम्मा' — घरचीसुद्धा. सकाळी म्हणाले, "अम्मा, पाणी."

दिलं.

नणंद कनकव्वा आली होती. म्हणे, "वहिनी, नशीबवान तू! तुझा देवळात सापडतो. माझा ताडाखाली, ताडीच्या मडक्याशेजारी!" हसावं लागलं.

४ मार्च

शिवरात्र झाली, माळ उतरली. आज हनुमानाची घातली. शेंदरी कपडे.

सरळ विचारलं — दुसरी बाई आहे का? असेल तर सांगा, रडणार नाही. त्यांनी कानांवर हात ठेवले आणि देवळात निघून गेले.

गुरुस्वामींची बायको लस्मव्वा आठवते. गुरुस्वामी बारा महिने काळ्या कपड्यांत, बाहेर ओट्यावर झोपणारे. गावानं त्यांचे पाय धरले. ती एकदा मला म्हणाली होती, "टीचरम्मा, देवानं माझा नवरा ठेवून घेतला. आता मूल कुणाकडे मागू?" हसत म्हणाली होती. मूलबाळ झालंच नाही.

माझी तरी एक मुलगी आहे, नांदतेय.

१९ मार्च

पहाटे कण्हण्याचा आवाज आला. बाहेर गेले. चटईवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. काय झालं? काही नाही, अम्मा.

"मी तुमची अम्मा नाही! काय होतंय ते सांगा."

मग भिंतीकडे तोंड करून सांगितलं. लिंग ताठ झालं की वर वळतं, कमानीसारखं. वरच्या बाजूला आत गाठ लागते. आधी फार दुखायचं, हल्ली कमी. पण बाक तसाच. पूर्वी असं नव्हतं.

"मागच्या वर्षी माळ उतरवायच्या आधी आपण ब्रह्मचर्याचा नियम मोडला होता — आठवतं? त्यानंतरच सुरू झालं. स्वामींनी शिक्षा दिली. म्हणून माळेवर माळ घालतोय."

"नियम दोघांनी मोडला. शिक्षा एकट्याला कशी?"

रडत होते. या माणसाला मी सासरे गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

चौदा महिने! आणि मी दुसरी बाई शोधत होते.

२१ मार्च

हनमकोंड्याला डॉक्टरकडे जायचं ठरवलं. म्हणाले, माळेत असताना कसं दाखवू? मग माळ उतरवा, म्हटलं. आजारपणात उतरवता येते, हे मलाही ठाऊक आहे.

गेले. तासाभरानं मोकळ्या गळ्यानं परत आले.

"काय सांगितलंत?"

"खरं ते. गुरूशी खोटं कसं बोलू?"

"काय म्हणाले?"

"माळ काढली. मागं वळून न बघता गाभाऱ्यात गेले. आतून दार लावून घेतलं."

रागावले असतील. रागावू देत.

२३ मार्च

डॉक्टर तरुण, पण बोलायला सरळ. शिक्षा नाही, कॅन्सर नाही. आतल्या पापुद्र्यात व्रण धरतो, तो भाग ताणत नाही, म्हणून बाक येतो. कधी न कळत लागलेलं असतं, कधी कारण सापडतही नाही. तळहातात गाठी आहेत का, साखर आहे का, तेही पाहिलं.

"इतके दिवस का थांबलात? दुखत होतं तेव्हाच आला असतात, तर बाक वाढू नये म्हणून काही करून बघता आलं असतं."

"माळ होती," हे म्हणाले.

मी शाळेत शास्त्र शिकवते. मीही विचारून घेतलं — कुणी कधी यायचं? म्हणाले, जन्मापासून थोडा बाक अनेकांना असतो. दुखत नाही, संबंधात अडत नाही, तर काही करायचं नाही. नवा बाक, गाठ, दुखणं असेल तर लगेच यायचं. आणि जन्मापासूनचा असूनही संबंध होत नसेल तरी यायचं. तोही शस्त्रक्रियेनं सरळ होतो.

यांचा बाक आता स्थिरावलाय. आणखी काही महिने वाढला नाही, तर इंजेक्शन किंवा ऑपरेशन. तोवर घरी ताठ असताना फोटो काढून आणा, म्हणाले — बाक मोजायला. हे खुर्चीत अर्धे झाले! "माझा मोबाईल दुकानातली सगळी पोरं हाताळतात हो, डॉक्टर!"

डॉक्टर हसले. मीही. मग बसमध्ये खिडकीबाहेर बघत हे म्हणाले, "एवढा वेळ फुकट गेला, भ्रमरा."

किती दिवसांनी माझं नाव!

२४ मार्च

चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. आतल्या खोलीत झोपले, पाठ करून. मी पाठीवर हात ठेवला. पाठ ताठ झाली. मग हळूहळू सैल. एवढंच.

ऑपरेशनचं विचारलं तर म्हणतात, बघू. मी बघू देणार नाही.

२ एप्रिल

दुपारी गुरुस्वामी दारात. हे दुकानात गेलेले. भांडायला आले, असं वाटलं. पायरी चढले नाहीत. खाली बघत म्हणाले, "टीचरम्मा, मल्लेशमनं डॉक्टरांचं सांगितलं. जन्मापासून असेल, तरी ते सरळ होतं का?"

"होतं, स्वामी."

"माझ्या लग्नाच्या वेळीही होत होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले.

लस्मव्वाला जाऊन दोन वर्षं झाली.