तुटत्या ताऱ्यांचा मुहूर्त

प्रिय बाबा,

नमस्कार आधी, राग नंतर. मी मजेत आहे, तारांगणातलं काम नीट चाललंय, जेवते वेळेवर.

तारे तुटताहेत म्हणून तुम्ही हृदयाचं ऑपरेशन पुढे ढकललंत, असं आई फोनवर म्हणाली. ही अक्कल अर्थातच काकांची. मी लगेच त्यांना फोन लावला.

"काका, तारा एकही तुटत नाही. धूमकेतू सूर्याभोवती लांबलचक फेरी मारतो. सूर्याजवळ आला की त्याचा बर्फ उडून जातो आणि धूळ वाटेवर सांडते. आपली पृथ्वी दरवर्षी ती वाट ओलांडते, तेव्हा ते वाळूएवढे कण हवेत शिरून जळतात."

"तू शिकलीस म्हणून आम्ही मूर्ख का गं?"

तेवढ्यात मागून काकू ओरडली, "इतकं बोलू नका हो, कालच दाढ काढलीय!"

म्हणजे याच दिवसांत स्वतःची दाढ बिनधास्त काढायची आणि भावाच्या हृदयाला मात्र मुहूर्त! असल्या माणसाच्या सल्ल्याला मी पायपुसण्याचीही किंमत देत नाही.

मी डॉक्टरांशी बोलले. ते सोमवारी ऑपरेशन करतील, मी शनिवारी पोचते. जिना चढताना अजून दम लागतो का? आईला झोप लागते का?

आणि बाबा, भीती वाटत असेल तर सरळ तसं म्हणा. मलाही वाटतेय. आकाशाला कशाला मध्ये आणायचं? आपण दोघं मिळून घाबरू.

तुमची,
धाकटी