बोलणं आणि गिळणं

२४ नोव्हें., सोम.
सकाळी पहिल्या तासाआधी दादाचा फोन. लग्नानंतर पहिल्यांदाच. "आप्पा पडले. लकवा हाय. अंबाजोगाईला आनलंय. यायचं तर ये." ठेवला.
सु.ने स्टँडवर सोडलं. मी येऊ का असं त्याने विचारलं नाही, मीही म्हटलं नाही. नवरा असून त्याला त्या घराचा उंबरा माहीत नाही.
आई वॉर्डाबाहेर फरशीवर बसलेली. मला बघून उठली नाही, फक्त बाजूला सरकली. बसले.
उजवा हात, उजवा पाय गेला. वाचाही गेली.
जातीबाहेर लग्न केलं म्हणून आप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं, त्याला अकरा वर्षं झाली. आता कोणाशीच बोलता येणार नाही त्यांना.

२७ नोव्हें.
एक शब्द आला. "बघू."
नर्सने विचारलं, दुखतंय का? बघू. पाणी? बघू. आईने विचारलं, मी कोन हाय? बघू. आई पदर तोंडावर घेऊन हसली आणि हसता हसताच रडायला लागली.
सरपंच होते तेव्हापासून, नंतर बाजार समितीतही, दारात आलेल्या प्रत्येक माणसाला हेच उत्तर. रस्ता? बघू. विजेचा डीपी? बघू. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला मार आहे, कधी कधी असा एखादाच घासलेला शब्द मागे राहतो. त्याचा अर्थ लावत बसू नका.
मी अजून समोर गेलेले नाही. पायथ्याशी उभी राहते, त्यांचा चेहरा तिकडे असतो तेव्हा.

३० नोव्हें., रवि.
समोर गेले. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, यात शंका नाही. डोळा वाहत होता, पण तो उजवा, तो तसाही वाहतो.
"आप्पा, मी शैला."
"बघू."

४ डिसें.
बीड. प्रथम वर्षाचा तास. मानवशास्त्राची ओळख, घटक दोन: दोन पायांवर चालणं. फळ्यावर वानराचा नि माणसाचा सांगाडा काढला. माझं चित्र बघून मागचे हसले.
चालण्याने काय मिळालं: हात मोकळे, लांबवरचं दिसणं. काय गेलं: कंबर, गुडघे, सोपं बाळंतपण. एका पोरीने विचारलं, "मॅडम, एवढा तरास हाय तर उभं ऱ्हायचंच कावून?"
बरा प्रश्न. ठरवून कोणी उभं राहिलं नाही, असं काहीतरी बोलले. डोक्यात आप्पांचा उजवा पाय.

७ डिसें., रवि.
आप्पांना घरी आणलं. आज परळीच्या एसटीने सिरसाळ्याला उतरले. घरापर्यंत चालत गेले. दुकानातली माणसं बघत होती. दारात थांबले, तर वहिनी आतून म्हणाली, "या की, उभ्या कावून?" एवढंच. मी गेले आत.
आई इतकी वर्षं परळीत बहिणीकडे जाते म्हणून निघायची आणि स्टँडवर मला भेटायची. माझ्यासाठी भाकरी बांधून आणायची. आज तिने घरच्या ताटात वाढलं.

१३ डिसें.
फिजिओवाला पोरगा परळीहून येतो. आप्पांना कमरेला धरून उभं करतो. आज तो मोजत होता, एक, दोन, तीन. आणि आप्पांनी पुढे मोजलं! चार, पाच, सहा, अगदी स्वच्छ. आई देवघरातून पळत आली. "बोलले! बोलले बाई!"
मोजून झालं. आई म्हणाली, "आता माझं नाव घ्या."
घाम आला त्यांना. ओठ हलले. नाही.
पाठ असलेलं येतं, मनातलं येत नाही. हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मनातलं कवा बोललेत ते?"

१९ डिसें.
घटक चार, नातेव्यवस्था. गोत्र, बहिर्विवाह, अंतर्विवाह. लग्नाचे नियम प्रत्येक समाजात असतात, कुठे जवळचं चालत नाही, कुठे लांबचं. दरवर्षी शिकवते. हाच भाग मला सगळ्यात सराईत.
"मॅडम, नियम मोडला तर?"
"समूह त्या माणसाला बाहेर ठेवतो."
"आन् मग?"
घंटा झाली म्हणून वाचले.

२८ डिसें., रवि.
आप्पांना भरवायचं काम माझ्याकडे आलं, शनिवार-रविवार. वहिनीची कंबर धरलीये, आईचे हात थरथरतात. पातळ काही द्यायचं नाही, ठसका लागतो; दाटसर द्यायचं. बसवून, हनुवटी खाली करून, छोटा घास. गिळेपर्यंत दुसरा नाही. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं.
पहिला घास घेताना तोंड मिटून घेतलं. माझ्या हातचं नको असेल. किंवा गरम असेल. फुंकर मारून परत धरला. उघडलं.
संध्याकाळपर्यंत वाटीभर भात गेला. मी कुणालाही इतक्या सावकाश भरवलेलं नाही.

६ जाने.
उद्याच्या तासाची तयारी. भाषेचा उगम. स्वरयंत्र घशात खाली उतरलं, त्यामुळे आवाजाला जागा मिळाली, नाना प्रकारचे ध्वनी काढता आले. त्याची किंमत: अन्नाची नि श्वासाची वाट एकमेकींना छेदते. म्हणून माणसाला ठसका लागतो, तो गुदमरू शकतो. (याबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत, हे सांगायचं. पण पुस्तकात असंच.)
म्हणजे बोलण्यासाठी घसा असा झाला. आप्पांचं बोलणं गेलं. घसा तसाच राहिला.
हे वर्गात सांगणार नाही.

१८ जाने., रवि.
दादाला पंचायत समितीची उमेदवारी मिळाली. सकाळपासून अंगणात जीपा. दादाने आप्पांना पांढरं धोतर, फेटा घालून खुर्चीत बाहेर आणून बसवलं. मी म्हटलं, "दादा, त्यांना आत राहू दे." तो म्हणाला, "लोकं त्यांच्याकडं बघून येतात, शैले. माझ्याकडं बघून कोन येतंय?" खरं बोलला. चेहरा पडला होता त्याचा.
लोक पाया पडत होते. प्रत्येकाला "बघू." लोक खूश. एक जण म्हणाला, "आप्पा व्हते तसेच हाईत!" आप्पांचे कान लाल झाले होते. त्यांना कळत होतं.
मी आत चहा गाळायला गेले. तेवढ्यात कोणीतरी पेढ्याचा बॉक्स उघडला. "तोंड गोड करा आप्पांचं!" अख्खा पेढा तोंडात.
ठसका ऐकून धावले. चेहरा काळानिळा. बोटाने काढला, पाठीत मारलं, उलटी झाली. श्वास आला, पण घरघर राहिली. दुपारपर्यंत ताप. दादाच्याच जीपने अंबाजोगाई. जीपवर त्याचा फोटो लावलेला.
वाटेत दादा सारखा म्हणत होता, "मी न्हाई दिला. आईशप्पथ मी न्हाई दिला."

२१ जाने.
फुप्फुसात गेलंय. न्यूमोनिया. नाकातून नळी घातली, आता खाणं त्यातूनच.
सु. आला. मी बोलावलं नव्हतं. डबा, चादर, माझी औषधं घेऊन दारात उभा. वॉर्डबॉय नव्हता. आप्पांना कुशीवर वळवायचं होतं. दादाने एकट्याने जमेना. सु.ने पिशवी ठेवली, बाह्या वर केल्या, खांद्याखाली हात घातला. दोघांनी मिळून वळवलं.
आप्पांनी डोळे उघडले. सु.कडे बघितलं, नीट, अंगभर.
"बघू."
बाहेर आल्यावर आई म्हणाली, "हो म्हनले. मी ओळखते." दादा म्हणाला, "रागात म्हनले. डोळे बघितले न्हाईत का?" सु. म्हणाला, "मला वाटलं, त्यांना पाठीखाली उशी पाहिजे होती." आणि आत जाऊन लावली.
आईने मला विचारलं. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले ना, त्या शब्दाला अर्थ नाही. आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी काही मीच कोणी परकी.

३० जाने.
घरी. नळीसकट. डॉक्टर म्हणाले, गिळणं परत येईल का सांगता येत नाही. तोंडाने दिलं तर पुन्हा फुप्फुसात जायची भीती. नळी ठेवा, महिन्याने दाखवा.
दिवसातून चारदा सिरिंजने पातळ दूध, डाळीचं पाणी. चव नाही, चावणं नाही. वहिनी भाजी फोडणीला टाकते तेव्हा आप्पा मान वळवतात.
डाव्या हाताने दोनदा नळी ओढली. गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने परत घातली, तेव्हा आप्पा ओरडले. तो शब्द नव्हताच. तसला आवाज मी माणसाचा ऐकलेला नाही.
दादाने मऊ धोतर फाडून डावा हात खाटेला बांधला. सैल, पण बांधला. मी गाठ बघून घेतली. काल वर्गात अंगठ्याबद्दल सांगत होते. इतर बोटांसमोर येणारा अंगठा, चिमटीत धरणं, त्यातून हत्यारं, त्यातून सगळं. रजा टाकली आता.

२ फेब्रु.
दादा प्रचारात. सगळीकडे आप्पांचे आशीर्वाद म्हणून सांगतोय. परवा येऊन खाटेजवळ बसला आणि पाय चेपत राहिला बराच वेळ. मला म्हणाला, "सुनीलला म्हनावं, एकदा घरी ये. हितं. सिरसाळ्याला." निवडणुकीपुरतं की खरंच?
आईने जेवण सोडलंय. "त्यांच्यासमोर घास उतरत न्हाई."

५ फेब्रु., गुरु.
दुपारी घरात आई, आप्पा नि मी. त्यांचं अंग पुसायला डावा हात सोडला. पुसलं. तळवा, बोटांच्या मधे. परत बांधायला धोतराची पट्टी उचलली, तर हात सावकाश नाकाकडे गेला. माझ्या डोळ्यांत बघत.
धरता आला असता. मी बसून राहिले.
बाहेर आली नळी. रक्ताची एक रेघ. आप्पांनी ती चादरीवर ठेवली आणि डोळे मिटले. खोकला नाही, काही नाही. दमले होते.
आई दारात होती. तिने सगळं पाहिलं. म्हणाली, "आता न्हाई घालायची."
दादाला फोन केला. चिडला. कंपाउंडरला सकाळी पाठवतो म्हणाला. "तवर काय देऊ नका तोंडानं. शैले, तू शिकलेली हाईस, आईला सांग."
आईला सांगितलं. श्वासनलिका, न्यूमोनिया, सगळं. ताप येईल, या वेळेला उतरणार नाही कदाचित. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् उपाशी ठिवलं तर?"
तिने चूल पेटवली. ज्वारीचं पीठ ताकात कालवलं, आंबील करतेय, दाट. ढवळताना हात थरथरत नाहीये तिचा. वास इथपर्यंत आलाय. आप्पांनी डोळे उघडलेत.
वाटीत ओतली तिने. फुंकतेय.
"शैले, हिकडं ये. डोकं धर त्यांचं, मघापास्नं हाक मारतीय."
हनुवटी खाली. छोटा घास.
जाते.