पांढऱ्या चौकटीतला इशारा

प्रति,
मा. संचालक,
सागरी सूचना कक्ष, होसबंदर.

विषय : संकेतस्थळावरील वादळाचा इशारा वाचता यावा म्हणून एक शब्द खोडण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : मला बजावलेला दि. १४ नोव्हेंबरचा मेमो.

महोदय,

विनापरवानगी रंग बदलल्याबद्दल मला मेमो मिळाला. त्याचा खुलासा सादर करते.

१. आपल्या पानाच्या दोन फायली आहेत. एकीत मजकूर असतो, दुसरीत तो कसा दिसावा याचे नियम. दोन नियमांत तंटा झाल्यास नेमक्या जागेसाठी लिहिलेला नियम जिंकतो. त्यातही बरोबरी झाली, तर नंतर लिहिलेला. मात्र ज्या नियमावर 'महत्त्वाचे' असा शेरा असतो, तो साध्या नियमांना जुमानत नाही.

२. इशारा लाल अक्षरांत दाखवण्याचा नियम साधा होता. ऑगस्टमध्ये आपल्या आदेशाने सर्व पान निळे व सर्व अक्षरे पांढरी झाली. त्यावर शेरा मारण्यात आला. निळ्या रंगाने छपाईची शाई संपते म्हणून सप्टेंबरमध्ये अधीक्षक श्री. हेब्बार यांनी सूचनांची चौकट पांढरी करवली, त्यावरही शेरा. दोन्ही आदेश तंतोतंत पाळले गेले आहेत. तेव्हापासून पांढऱ्या चौकटीत पांढरा इशारा नियमितपणे प्रसिद्ध होतो. वरच्या निळ्या पट्टीवर आपले नाव उत्तम वाचता येते.

३. १२ नोव्हेंबरचा इशाराही असाच प्रसिद्ध झाला. माझे मामा लोकय्या चौकट कोरी पाहून होडी घेऊन गेले आणि जाळे गमावून दोन दिवसांनी परतले. मला म्हणाले, "तुमचं पान कोरं म्हणजे दर्या शांत, असंच ना गं?" त्याच दुपारी मी आपल्या नियमावरचा शेरा काढला. अक्षरे दीड तास लाल दिसली. मग श्री. हेब्बार म्हणाले, "बाई, साहेबांचा आदेश महत्त्वाचा नाही, असं लेखी देणार का?" मी शेरा परत घातला.

४. इशाऱ्याच्या नियमावरही तोच शेरा मारावा, असे मी पूर्वी सुचवले होते. कंत्राटी कर्मचाऱ्याच्या नियमास तो देता येत नाही, असे मला कळवण्यात आले.

५. उद्याच्या वादळाचा इशारा आज दुपारी आला आणि प्रसिद्धही झाला. होड्या पहाटे निघतात. मामांना मी घरी सांगेनच. उरलेल्या त्रेसष्ट होड्यांच्या घरी मी राहत नाही. तरी आपल्या नियमावरील तो एक शब्द खोडण्यास आज सहाच्या आत परवानगी द्यावी, ही विनंती. मेमोवरील कारवाई त्यानंतर सवडीने व्हावी. तिला माझी हरकत नाही.

आपली नम्र,
अक्षता सालियान
बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), कंत्राटी संगणक साहाय्यक
दि. १७ नोव्हेंबर

सोबत :
१. मेमोची प्रत.
२. आजच्या इशाऱ्याच्या चौकटीची छापील प्रत. (कागद कोरा नाही.)