जागा नाही म्हणालो, ती जागा

पिंगळी,
२ जून १९७६

प्रिय बायना,

सप्रेम जयभीम, आणि सुमीला गोड पापा.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. तुमच्या घरी आलेलं पत्र आधी जावई दत्तराव फोडतात, मग तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवतात, आणि मग कधीतरी ते तुझ्या हाती पडतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आजवर 'इकडील सर्व खुशाल, तिकडील कळवावे' याच्या पलीकडे मी कधी गेलो नाही. आपल्या वस्तीतला आश्रुबा पालमच्या गाडीवर कंडक्टर आहे. सकाळी तू स्टँडजवळच्या नळावर पाण्याला येतेस तेव्हा तो हे तुला देईल. वाच आणि चुलीत घाल. जावयाविषयी लिहीन ते त्यांच्या नजरेला पडू नये एवढ्यासाठीच. माझ्याविषयी लिहीन ते साऱ्या गावानं वाचलं तरी माझी ना नाही.

तू गेल्यापासून माझं शेडमध्ये मन लागत नाही. रंधा हातात घेतो, फळीवर दोन हात फिरवतो आणि तसाच ठेवून देतो. ती शेड तू पाहिलीस, पण ती आली कशी हे तुला अर्धवटच माहीत आहे, कारण तेव्हा तू पालमला होतीस. कालव्याच्या कामावरच्या ठेकेदाराचा कॅम्प उठला आणि आम्हा सगळ्यांना त्यानं निरोप दिला. येलदरीच्या धरणापासून मी त्याच्याकडे सेंट्रिंगच्या फळ्या ठोकत होतो. सिमेंटच्या गोण्या ठेवायची त्याची एक खोली होती, लोखंडी अँगलचा सांगाडा, चारी बाजूंनी पत्रे आणि वर पत्रा, सगळं नटबोल्टवर. पाना फिरवला की खोली उतरते, बैलगाडीत बसते आणि दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा उभी राहते. ती भंगारात जाणार होती. मी मागितली, त्यानं दिली. शेजारच्या लिंबाजीच्या गाडीत त्या पत्र्यांवर बसून मी गावात शिरलो तेव्हा नवरदेवसुद्धा इतका ऐटीत बसला नसेल. पारावरच्या लोकांनी विचारलं, "मुंजाजी, काय आणलंस रे?" मी म्हणालो, "घर आणलंय, घर!"

उभी करताना मी थोडा घोळ घातलाच. कॅम्पातल्या पेंटरनं अँगलवर घातलेल्या खुणा पुसट झाल्या होत्या. पुढची बाजू मागं लागली आणि दार गल्लीकडे तोंड करून बसलं. तुझा भाऊ बन्सी म्हणाला, पुन्हा खोलू. मी म्हणालो, राहू दे, गिऱ्हाईक गल्लीतूनच येणार. मग आत बाभळीचं जाड बाक केलं, भिंतीच्या अँगलला फळी ठोकून तिच्यावर करवती, पटाश्या, गिरमिट, सगळं ओळीनं टांगलं. आपल्या वस्तीत माझ्याआधी कुणी रंधा धरला नव्हता. लोक येऊन दारात उभे राहायचे आणि भुश्श्याचा वास घेऊन जायचे. तुझी आई म्हणायची, "या वयात दुसरी केली का काय? दिसभर तिच्यापशीच बसून ऱ्हाता." मी हसायचो. खरं सांगतो बायना, जन्मात पहिल्यांदा मला माझी म्हणावी अशी एक जागा मिळाली होती आणि मी फार सुखात होतो. आज ते सुख आठवलं की घास गोड लागत नाही.

कारण ती जागा कुठली? गोठा आणि लिंबाचं झाड यांच्यामधली. दिवाळीनंतर सुमीला कडेवर घेऊन तू न कळवता आलीस आणि तिथंच माझ्यासमोर उभी राहिलीस. तू म्हणालीस, "आबा, मला हितंच ऱ्हाऊ द्या. परसात एक छप्पर टाकून द्या, मी मजुरी करून खाईन, तुमच्यावर भार न्हाई." मी तुला कारणसुद्धा विचारलं नाही. मला कारण माहीत होतं, आणि विचारलं असतं तर ते ऐकावं लागलं असतं. मी म्हणालो, "जागा कुठाय बाई? एक खोली बन्सीची अन् सूनबाईची, एक आमची. परसात खाट बी मावना." तू वळून परसाकडे पाहिलंस. डोळ्यांनी मापलंस. आणि मग मान हलवलीस, जणू बापाचं म्हणणं तुला पटलं. त्याच आठवड्यात मी तुला पालमला सोडून आलो. तिथं बैठकीत चहा घेतला, दत्तरावांशी पाऊसपाण्याचं बोललो आणि आतल्या दाराकडे न पाहता निघालो.

जागेचं निमित्त होतं गं. खरं कारण असं की ही सोयरीक मी जमवली होती. शिकलेला मुलगा, कचेरीत नोकरी, हुंडा नको म्हणणारे लोक, म्हणून मी चार गावांत छाती पुढं काढून सांगितलं होतं. वस्तीतली नवराबायकोची भांडणं लोक माझ्यापुढं आणतात. मी दोघांना समोर बसवतो, जावयांना दटावतो. माझीच लेक परत आली म्हटल्यावर मी कुणाला काय तोंड दाखवणार, हे माझ्या मनात होतं. आणि थंडी संपायच्या आत त्याच परसात, जिथं खाट मावत नव्हती, तिथं मी आख्खी खोली उभी केली. बोल्ट आवळताना तुझी आठवणसुद्धा झाली नाही मला. हेच मला जास्त लागतं. आठवत असून केलं असतं तर माणूस वाईट म्हणून मोकळा झालो असतो. मी तर विसरून केलं.

आता टेबलाचं. शेडमधलं पहिलं मोठं काम दत्तरावांचं होतं, तुला माहीतच आहे. कचेरीत असतं तसं टेबल हवं, असा त्यांचा निरोप आला आणि मला हर्ष झाला. वाटलं, जावई खूश झाले की माझ्या लेकीला बरं वागवतील. घरात लहान लेकरू असलं की टेबलाचे कोपरे कानशीनं घासून गोल करायचे, ही माझी रीत. लेकराचं डोकं नेमकं तिथंच आपटतं. पण गोल कोपरे गावंढळ दिसतात असं ते म्हणाले. मी चारी कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला. एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही, असे काटकोन साधले. घासून-पुसून पॉलिश केलं, गोणपाटात बांधलं आणि गाडीच्या टपावर चढवलं. जाताना त्याला हात लावून मी मनातल्या मनात म्हणालो, माझ्या पोरीला सुखात ठेव.

भीमजयंतीला तू आलीस तेव्हा भुवईच्या वर खोक होती. नळावर पाय घसरला म्हणालीस. मी म्हणालो, जपून चालावं बाई. आणि संध्याकाळी स्टेजवर उभा राहून मी स्त्रियांच्या हक्कांवर भाषण ठोकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू पहिल्या रांगेत पदर भुवईपर्यंत ओढून बसली होतीस, सुमी मांडीवर. तूही टाळ्या वाजवल्यास. ते मला आता राहून राहून दिसतं.

त्यानंतरचे दिवस तू दुपारभर शेडमध्ये येऊन बसायचीस. सुमी बाकाखाली रंध्याच्या सालींवर झोपायची, आणि बाकाला पाठ टेकून तूही तशीच डोळे मिटायचीस. पालमला तुला झोप मिळत नसावी, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. उलट मला अभिमान वाटला, की लेकीला बापाचं काम आवडतं. मग तू एकेक विचारू लागलीस. पावसाचं गळतं का? मी म्हणालो, बोल्टाखाली रबर घातलंय, थेंब येणार नाही. दुपारी लय तापतं का, वर तुराट्या अन् पाचट टाकलं तर? मी म्हणालो, तुराट्यांना वाळवी लागते, लाकडाला धोका. रंध्याच्या आवाजानं लेकरू उठत न्हाई ना? मी म्हणालो, बघ की, कशी झोपलीय. आणि एक दिवस दाराशी उभी राहून तू म्हणालीस, "आबा, याला आतून कडी न्हाई?" मी म्हणालो, "अगं, सिमेंटच्या गोण्या आतून कडी लावत्यात व्हय?" आणि पोट धरून हसलो. तूही हसलीस. चार-सहा दिवसांत तुझं सामान बांधून मी पुन्हा तुला गाडीत बसवून दिलं.

मागच्या आठवड्यात मी काम करत होतो. तुझी आई चहा घेऊन आली, बाकावर कप ठेवला आणि दारातच थांबली. ती सहसा थांबत नाही. म्हणाली, "पोरगी ऱ्हायला जागा बघायली होती, आन तुमी तिला पत्रे दाखवायले होते." मला कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. खोक नळावरची नाही. दत्तरावांनी ढकललं आणि टेबलाचा कोपरा लागला. माझ्या टेबलाचा. मी म्हणालो, सरजा, हे मला तवाच का न्हाई सांगितलंस? ती म्हणाली, "सांगून काय केलं असतं तुमी? पोचवूनच आला असता." ती निघून गेली आणि मी गुण्या हातात घेऊन बसून राहिलो. ज्या हातानं तुला पाळण्यात निजवलं, त्याच हातानं मी तो कोपरा धारदार केला होता. ढकलणारा दुसरा होता, हे खरं. पण त्याच्या दारात तुला परत धाडणारा मी होतो, तेही दोन-दोनदा.

तुझी क्षमा मागावी असं वाटतं, पण मागितली की तू लगेच देशील, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको आहे. त्यापेक्षा काय केलं ते सांगतो. बाक आणि हत्यारं बाहेर काढून लिंबाखाली मांडली, वर ताडपत्री बांधली. सुतारकाम उघड्यावर होतं, मला काही धाड भरत नाही. मग बन्सीनं आणि मी मिळून शेडचे बोल्ट पुन्हा खोलले आणि दार फिरवून स्वयंपाकघराकडे केलं, म्हणजे आईची हाक ऐकू येईल. पत्रा कापून खिडकी केली. वर तुराट्या आणि पाचट टाकलं, वाळवी लागली तर दरसाल बदलू. सूनबाईनं जमीन सारवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामंजी, हे दिवाळीतच करायचं होतं." आतून जाड लोखंडी कडी बसवली आहे. मी आत उभा राहून ती लावून पाहिली. मग बन्सीला बाहेरून ढकलायला सांगितलं. त्यानं खांदा लावला, तरी दार हललं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. येत्या गुरुवारी पहिल्या गाडीनं मी पालमला येतो आहे. तुझं मन असेल तर सुमीला घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी तयार राहा. भांडीकुंडी, टेबल, सगळं तिथंच राहू दे. मन नसेल तर तसं सांग, मी तुला ओढून आणणार नाही. आजवर तुझं सगळं मीच ठरवलं आणि काय ठरवलं ते दिसतंच आहे. मी बैठकीत बसणार नाही, चहा घेणार नाही, दारातच उभा राहीन. लेकीला न्यायला आलेल्या बापाला सासरची माणसं उंबऱ्यातच विचारतात, कधी आणून सोडणार? आणि बाप हात जोडून दिवस सांगतो, त्याशिवाय ते लेकीला उंबरा ओलांडू देत नाहीत. तुझ्या लग्नापासून मी दर वेळी दिवस सांगत आलो, आणि तो कधी चुकवला नाही. या वेळी त्यांनी विचारलं तर मी हात जोडणार नाही आणि दिवसही सांगणार नाही.

तुझाच,
आबा